हक्कसोडपत्राचं प्रूफ

धायरीतल्या आमच्या छापखान्यात बाबा आणि काका आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. बाबांना ऑफसेट सोडायचं नव्हतं. काकांना ते विकून फ्लेक्सचं मशीन आणायचं होतं. दोघांच्या टेबलांत सहा फुटांचं अंतर, आणि मध्ये आत्या, त्यांची थोरली बहीण.

"ताई, त्याला सांग, कागद संपलाय."

"ताई, त्याला सांग, मला डोळे आहेत."

आत्या कुणालाच काही सांगायची नाही. ऐकू गेलेलं असायचंच.

आजोबांनी छापखाना तिघांच्या नावे केला होता. आत्या बावीस वर्षं तिथे मजकूर जुळवते, तपासते. मी अक्षरं शिकले ती तिथल्या पत्रकांवरून. संपाची, पाणीटंचाईची, हुंड्याविरुद्धच्या मोर्चाची पत्रकं. समान हक्कांवरची तर किती छापली आम्ही! त्यामुळे आपल्या घरात तरी असलं काही होणार नाही, अशी माझी खात्री होती. मूर्खपणा माझाच.

शेवटी बाबांचे एक मित्र, निवृत्त बँक मॅनेजर, मध्यस्थीला बसले. दोन रविवार बैठक चालली. आत्या दोन्ही वेळा हजर होती, चहा द्यायला. तोडगा निघाला: दोन भाऊ, दोन वेगळे धंदे, आणि आत्याने हक्कसोडपत्रावर सही करायची. दिवाळीला साडी, माहेरचा मान कायम.

"आत्याला विचारलंत का?" मी म्हणाले.

"तिला काय विचारायचं? ती कधी नाही म्हणाली आहे का?" बाबा म्हणाले. हक्कांची पत्रकं छापताना ज्यांची मान ताठ व्हायची, ते माझे बाबा!

पुढे जे झालं, ते फक्त छापखान्याच्याच माणसांकडून होऊ शकतं. आमच्याकडे आत्याने 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही केल्याशिवाय साधी लग्नपत्रिकाही मशीनवर चढत नाही. वकिलाकडून आलेला मसुदा काकांनी सवयीने तिच्याच टेबलावर ठेवला. "ताई, जरा नजर घाल. चुका राहायला नकोत."

प्रूफ तपासताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवायचं. आत्याने मला हाक मारली. मी वाचू लागले. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय…"

"थांब. तेवढं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. काका मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते; सहीसाठी आलेले मध्यस्थ बाबांच्या टेबलाशी होते. आत्याने कागद सरळ मध्यस्थांपुढे सरकवला.

"शुद्धलेखन ठीक आहे. मजकूर खोटा आहे. माझी हरकत आहे."

"अहो ताई, इतकं ताणू नका. माहेर तुटेल तुमचं."

"माहेरी पाहुणी म्हणून जातात. इथलं कुलूप रोज सकाळी साडेनऊला मी उघडते."

"बघितलंस?" बाबा म्हणाले.

"बघतोय ना," काका म्हणाले.

आठ महिन्यांनी दोघे थेट बोलले, तेही बहिणीविरुद्ध. मध्यस्थांचा चेहरा तर उजळलाच. याला आपल्याकडे समेट म्हणतात!

घरी आल्यावर बाबा माझ्यावर घसरले. "तूच तिला भरीस घातलंस."

"मी फक्त वाचलं. ठरवलं होतं ते तुम्ही."

पुढच्या रविवारी आत्या चहाचा ट्रे न घेता, रिकाम्या हाताने आली, खुर्ची ओढून टेबलाशी बसली. मध्यस्थांनी मागच्याच तोडग्याला हात घातला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सहीशिवाय इथला एक खिळाही हलणार नाही. आता बोला."

काका बाबांकडे बघत राहिले. मग बाबांनी घसा खाकरला. "ताई, तुझं काय म्हणणं आहे?"

आमचे नातेवाईक हे सांगताना बाबांच्या समजूतदारपणाचं कौतुक करतात. मला ते करवत नाही. हा प्रश्न पहिल्या रविवारी विचारायचा होता.

आत्याने चष्मा पुसला. "बरंच आहे," ती म्हणाली. "वेळ आहे ना सगळ्यांना?"