क्लचबाईचा कान

मोटार शिकवणाऱ्या बाईच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने गोंधळ घातला की ती तो दाबते आणि गाडी जागच्या जागी थांबते. तोंडाला मात्र या बाईने तसला ब्रेक कधी बसवून घेतला नव्हता. "अहो, क्लच आहे तो, विंचू नाही. सावकाश सोडा पाय!" हे ती बँकेच्या साहेबालाही ऐकवायची आणि लग्न ठरलेल्या पोरीलाही. त्यामुळे 'तबकडी कट्ट्या'वर टोपणनाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिने डोकं खाजवलं नाही. क्लचबाई, एवढंच लिहून मोकळी झाली.

कट्टा म्हणजे जुन्या गाण्यांच्या वेड्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. सगळ्यांचा जीव दोन गाणाऱ्या बहिणींवर. दोघी आधी एकत्र गायच्या, मग भांडल्या, वेगळ्या झाल्या. बहिणी कधीच्या गेल्या, भांडण तेवढं कट्ट्याच्या वाट्याला आलं. अर्धा कट्टा थोरलीचा, अर्धा धाकटीचा. थोरलीवाले म्हणत, धाकटी गात नाही, शेजारणीला हाका मारते. धाकटीवाले म्हणत, थोरली ऐकायची तर आधी उशी आणा.

थोरलीच्या फळीत क्लचबाई सगळ्यांत पुढे आणि तिच्या खांद्याला खांदा लावून अक्कलदाढ. हा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि फुरसत मिळाली की कट्ट्यावर स्वतःचं उघडायचं, असा त्याचा क्रम. समोरच्या फळीत काटा, म्हणजे फुलांचं दुकान चालवणारी एक बाई, आणि फ्यूज, म्हणजे वायरमन. हा फ्यूज क्लचबाईचा सख्खा धाकटा दीर. एकाच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. कट्ट्यावर ती त्याला विचारायची, "अरे फ्यूज, कानात वायर उलटी बसवलीस काय?" आणि तोच खाली जेवायला आला की, "भाऊजी, अजून वाढू का?" तोही तिथे "जा गं क्लचे" लिहायचा आणि इथे "पुरे वहिनी" म्हणायचा. तिचा नवरा बेकरीत पाव भाजायचा. गाणं आणि कुकरची शिटी त्याला सारखीच. तो म्हणे, "तुम्ही नेमके कुठं भांडता आणि कुठं जेवता, एवढं मला एकदा समजावून सांगा."

कट्ट्याची एक रीत होती, आंधळी फेरी. रविवारी सकाळी कुणी तरी गाण्याची एखादी ओळ टाकायची, नावगाव न सांगता. बाकीच्यांनी ओळखायचं, कोण गातेय. एकदा लिहिलेलं उत्तर पुसायची सोय नाही. आणि चुकेल त्याने महिनाभर आपल्या नावाशेजारी समोरच्या फळीच्या बहिणीचा फोटो मिरवायचा. या फेऱ्यांनी कट्टा कायम हलता राहायचा. चुकलेला माणूस फोटो बघून बघून विरघळायचा आणि महिनाअखेरीला पलीकडे जाऊन बसायचा. काही जण तर इतके वेळा इकडून तिकडे गेले होते की त्यांना लोक 'लोलक' म्हणत. क्लचबाई मात्र कधी चुकली नव्हती. सगळ्यांत आधी उत्तर तिचंच यायचं, आणि त्यात 'बहुतेक' हा शब्द नसायचा.

त्या वर्षी कट्ट्याच्या चालकाचे डोळे दगा देऊ लागले. निवृत्त पोस्टमास्तर बिचारा. त्याने लिहिलं, "भांडणं वाचवत नाहीत आता. दुसरं कुणी बघा." मतदान शनिवारी ठरलं. क्लचबाईला ते पद हवं होतं. 'लोकाग्रहास्तव' वगैरे नाही, मनापासून हवं होतं. गाडी कुठल्या वळणावर हातची जाते हे तिला कळायचं, आणि भांडण मिटवण्यापेक्षा ते नीट चालवण्यात मजा आहे असं तिचं मत होतं. थोरलीवाले थोडे जास्त होते. मतं खिशात होती.

त्याआधीच्या रविवारी फेरी होती फ्यूजची.

बाई तेव्हा गोदामामागच्या मोकळ्या मैदानात एका नर्सला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. एका कानात गाणं, दुसऱ्या कानात इंजिन. ओळ संपायच्या आत तिने लिहिलं : "थोरली! यात विचारायचं काय? श्वास ऐका. झटका नाही, धक्का नाही, चढावर गाडी सोडावी तशी ओळ सोडलीय. हा श्वास दुसऱ्या कुणाच्या छातीत मावणार नाही. धाकटीवाल्यांनी वहीत लिहून घ्या." तिच्यामागून मेंढरांसारखी सगळी फळी आली. थोरली, थोरली, थोरली.

दुपारी फ्यूजने उत्तर टाकलं. धाकटी. सोबत तबकडीवरच्या चिठ्ठीचा फोटो.

मग काय विचारता! काट्याने लिहिलं, "वहीत लिहून घेतलंय हो, क्लचबाई. आता सही तेवढी करा." लोलक मंडळी तर एका घटकेत पलीकडे पोचली.

संध्याकाळी अक्कलदाढेचा फोन आला. "ताई, घाबरू नका. फ्यूजने वेग कमी करून तबकडी वाजवली, म्हणून धाकटी थोरलीसारखी ऐकू आली, असं मी लिहितोय. तुम्ही फक्त 'हो, मलाही तसंच वाटतं' म्हणा. फेरी रद्द, फ्यूज बाहेर, आणि शनिवारी तुम्ही चालक."

"आणि त्याने वेग बदलला नसेल तर?"

"ते कोण बघायला जातंय!"

"मी जातेय," बाई म्हणाली. "माझ्या डोक्यावरच राहतो तो."

जिना चढून ती वर गेली. दीर टेबलफॅन उघडून बसला होता, मांडीवर पाती, तोंडात स्क्रू.

"भाऊजी, तोंडातलं काढा आणि ती तबकडी लावा."

त्याने लावली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. बाईने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ती खुर्चीच्या पाठीवरून सरळ झाली. श्वास थोरलीचाच होता, पण ओळीच्या शेपटीला खाली एक भरड, घोगरा सूर होता, लाथेने दार उघडावं तसा. तो धाकटीचा. मैदानात इंजिनच्या घरघरीत तेवढाच नेमका बुडाला होता आणि वर नुसता श्वास तरंगत राहिला होता.

"धाकटी थोरलीकडेच शिकली ना," दीर म्हणाला. "श्वास तिचाच उचलला असणार."

"कळलं मला. मी श्वास ओळखला, बाई ओळखली नाही."

"वहिनी, मी वेग बदलला म्हणताहेत."

"म्हणू द्या."

"तुम्ही काय म्हणणार?"

"जे ऐकलं ते. तुम्ही पंखा जोडा आधी, उकडतंय."

तिने तिथेच बसून लिहिलं : "तबकडी स्वतः ऐकून आले. वेग बरोबर, फ्यूज बरोबर, मी चूक. चालू इंजिनात बसून गाणं ओळखायला गेले, हा माझा शहाणपणा. फोटो लावतेय." आणि लावलाही. धाकटी दात काढून हसत तिच्या नावाशेजारी बसली.

अक्कलदाढ खवळला. "स्वतःच्या फळीच्या पायावर धोंडा मारलात! याला गद्दारी म्हणतात." बाईने उत्तर दिलं, "डॉक्टर, दुखरा दात सोडून शेजारचा उपटलात तर तुम्ही काय करता? पेशंटलाच दवाखान्याबाहेर काढता?" त्यावर कट्टा पोट धरून हसला, पण हसणं वेगळं आणि मत वेगळं. थोरलीची फळी मधोमध फुटली.

शुक्रवारी काट्याचा खासगी निरोप आला. "आमच्यात या. फोटो आहेच, माणूसही येऊ दे. आमची सगळी मतं तुम्हाला."

बाईने लिहिलं, "बाई गं, सिग्नलला गाडी बंद पडली म्हणजे रस्ता बदलला असं होत नाही. मी थोरलीचीच."

"मग हराल."

"मग हरेन."

आणि हरली. दोन मतांनी. काटा चालक झाली.

रात्री जेवताना बाईने दिराच्या पानाकडे बघत विचारलं, "भाऊजी, मत कुणाला टाकलंत?"

"काट्याला."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "अरे, तुझ्यापायी हरली ती!"

"दादा, फळी म्हणजे फळी. आणि खरं सांगू? वहिनी चालक झाल्या असत्या तर मला खाली जेवतानाही गप्प बसवलं असतं आणि वर कट्ट्यावरही."

बाई खो खो हसली. "बरोबर आहे तुमचं. मीसुद्धा हेच केलं असतं. वाढू का अजून?" चालकपद गेल्याचं तिला लागलं होतं, नाही असं नाही. पण लागलेलं कुरवाळत बसायची तिला सवय नव्हती. पुढच्या वर्षी परत उभी राहणार, हे तिने तिथेच जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रविवार, पुन्हा आंधळी फेरी. ओळ आली आणि कट्टा चिडीचूप. एरवी तोंड सोडणारे सगळे दाराआड उभे. मागच्या रविवारचा चटका ताजा होता, पहिलं कोण बोलणार?

बाईने गाडी कडेला लावली. शिकणाऱ्याला म्हणाली, "इंजिन बंद करा. काचा वर घ्या. श्वासही हळू घ्या." तिने ओळ एकदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकायची गरज तिला वाटली नाही.

लिहिलं : "धाकटी. शंभर टक्के."

 मग तिच्या उत्तराखाली एक ओळ उमटली. आठवडाभर तिला गद्दार म्हणणाऱ्या अक्कलदाढेची. "क्लचबाई म्हणते तेच."

बाईने दिराला फोन लावला. "भाऊजी, बघितलंत का? डॉक्टर माझ्या गाडीत बसलाय."

"आणि वहिनी, चुकलं तर?"

"तर तोही खड्ड्यात! एकटीने पडण्यापेक्षा बरं." ती शिकणाऱ्याकडे वळली. "हं, करा चालू. आणि क्लच सावकाश सोडा, उपकार होतील."