माझा जीडी आणि पांढरीपुलाची बस

चहा घ्या आधी. आणि एक कबूल करा, इथलं इथंच ठेवायचं. कारण मी जो घोटाळा करून बसलोय ना, तो साधासुधा नाही. लोक मुलाखतीला जातात, घाबरतात, स्वतःचं नाव विसरतात, इथवर ठीक आहे. मी मुलाखतीला गेलो आणि तासभर एक अख्खी कंपनी चालवून आलो!

हसू नका हो. तेव्हा माझी काय अवस्था होती ते तर ऐका.

मी राहात्याचा, एमबीए नगरला केलं. शेवटचं सत्र संपत आलेलं, वर्गातली पोरं कुठं कुठं चिकटलेली, आणि मी आहे तिथंच. नागापूर एमआयडीसीतली, गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी तेवढी राहिली होती. नाव सांगणार नाही, त्या रस्त्यानं मला अजून जावं लागतं. ही हातची गेली की संपलं. कारण घोडेगावचे मामा टपूनच बसले होते. मामा जनावरांच्या बाजारात दलाली करतात. त्यांनी आईला फोन करून सांगितलेलं, "पोराला न्हाई लागली नोकरी तर माझ्याकडं धाडून दे. मला गिऱ्हाईक बोलवायला बोलका माणूस पायजेच हाय."

वडील त्यावर "बघू" म्हणाले. आमच्या वडिलांचं "बघू" म्हणजे ठरलंच समजा! दोन वर्षं मार्केटिंग शिकून मी म्हशीचे दात दाखवत उभा राहणार, या विचारानं मला घास गिळेना झाला होता.

त्यात आमचे बोरुडे सर. पोरांना नोकरीसाठी तयार करायचं खातं त्यांच्याकडं. त्यांचा सगळा जीव जीडीत. जीडी म्हणजे काय, तर दहा-बारा उमेदवार एका टेबलाभोवती बसवायचे, एखाद्या विषयावर बोलायला लावायचं आणि कोण कसा बोलतो ते बघून निवडायचं. सरांचं म्हणणं, पहिला बोललास की अर्धं काम झालं. कुणी गप्प बसला असेल तर त्याला बोलतं कर, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत घडवून दाखव, मग तुला कोण सोडतंय!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणतात, "प्रतीक, आजकाल कंपन्या लई पुढं गेल्यात बरं का. विषयबिषय देत नाहीत. आपलीच माणसं आत बसवतात, खोटं भांडण लावतात आणि तू काय करतो ते बघतात. समोरचं भांडण जेवढं खरं वाटेल तेवढं नाटक समज. घाबरायचं नाही, घुसायचं!"

आता सांगा, यात माझी चूक किती आणि सरांची किती?

दुसऱ्या दिवशी दाजींचा ब्लेझर अंगात कोंबून, फाईल काखेत मारून मी गेटवर हजर. वॉचमन म्हणाला, "मीटिंगला का?"

"हो."

"मग पळा की! वरच्या मजल्यावर, डाव्या हाताला. सुरू होतीय."

डाव्या हाताला दारं दोन. मी पहिलं ढकललं. जीडी दुसऱ्या दारामागं होता. तुम्हाला हे आत्ताच सांगून टाकतो, मला मात्र फार उशिरा कळलं.

आत लांबलचक टेबल. एका बाजूला इस्त्रीच्या शर्टातली चार माणसं, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या निळ्या ड्रेसमधली पाच-सहा. सगळ्यांची तोंडं अशी, की कुणी कुणाला कधी चावेल सांगता येणार नाही. मधोमध टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी. मी मनात म्हटलं, बोरुडे सर, तुमच्या तोंडात साखर पडो! बरोब्बर तुम्ही सांगितलं तसंच! आणि त्या खुर्चीत जाऊन बसलो.

तुम्ही म्हणाल, कुणी विचारलं कसं नाही, बाबा तू कोण? तीच तर गंमत आहे. खरं तर तिथं कंपनीचे साहेब आणि कामगार युनियन यांची जुंपली होती. युनियननं धमकी दिली होती, आम्ही पुण्याहून मोठ्या संघटनेचा माणूस आणतो. साहेबांनी उलट धमकी दिली होती, आम्ही हेड ऑफिसचा माणूस बोलावतो. दोघांच्याही नुसत्या थापा! कुणीही कुणाला बोलावलेलं नव्हतं. आणि तेवढ्यात ब्लेझर घातलेला, फाईलवाला मी आत आलो. साहेबांना वाटलं, आणला यांनी माणूस. युनियनला वाटलं, आला हेड ऑफिसवाला. दोन्हीकडं तोंडचं पाणी पळालं.

मी घसा खाकरला. पहिलं कोण बोलणार? मीच! "नमस्कार. आपण सगळे इथं का जमलोय हे मला ठाऊक आहे. प्रत्येकाला बोलायची संधी मिळेल. मात्र आज इथून एकमत झाल्याशिवाय कुणीही उठणार नाही."

प्लांट मॅनेजर वाघ साहेबांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

युनियनचे पुढारी शेळके अण्णा, गलमिशा, आवाज खर्जातला. ते म्हणाले, "एकमत कसलं? आमचा माणूस सस्पेंड केलाय तुमी. त्याला घेतला न्हाई तर दुपारच्या पाळीपासून एक मशीन चालायचं न्हाई. सांगून ठिवतो!"

"चालू देऊ नका!" वाघ साहेबांनी टेबलावर हात आपटला. "उशिरा येणाऱ्याला मी हार घालू काय? बघतो किती दिवस बसता!"

निळ्या ड्रेसवाले उठून उभे राहिले. इकडचे चारही उठले. खरोखर एकमेकांच्या अंगावर जातात की काय असं वाटलं. दुसरा कुणी असता तर दार गाठलं असतं. मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या! एवढं खरं वाटतंय म्हणजे केवढं मोठं नाटक!

मी वाघ साहेबांकडं वळलो आणि अगदी आपुलकीनं म्हणालो, "साहेब, थोडं कमी करा. एवढा खडूस मॅनेजर खरा वाटत नाही."

अहो, त्या माणसाचा चेहरा! आधी लाल, मग पांढरा. तो हळूच खाली बसला. शेळके अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की हेड ऑफिसवाले आपल्याच साहेबाला असं बोलतात, तर आपलं काय करतील! तेही बसले.

मग मी गप्प बसलेल्याला शोधू लागलो. सरांचा मंत्र! निळ्या ड्रेसवाल्यांच्या शेवटी एक पन्नाशीचे काका मान खाली घालून बसलेले. "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमचं मत?"

काका दचकले. "मी काय बोलनार, साहेब. मलाच तर काढलंय."

"बोला ना. मोकळेपणानं."

काका टेबलाकडं बघत बोलायला लागले. "आमी पांढरीपुलाकडचे. कंपनीची बस येत हुती तवर मी एक दिस उशिरा न्हाई आलो. बस बंद केली. आता फाट्यावर येऊन एसटीला हात करायचा, नगरला उतरून परत दुसरं वाहान बघायचं. एसटी थांबली तर थांबली. मी साहेबाला दोनदा सांगाय गेलो, भेट न्हाई दिली. घरी अजून बोललो न्हाई. सकाळी डबा घिऊन निघतो, फाट्यावर बसतो अन् संध्याकाळी परत जातो."

त्यांचे डोळे भरून आले. आणि मी काय करावं? मी टाळ्या वाजवल्या हो! "वा काका! काय सुंदर! किती नैसर्गिक!"

आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. खरंच सांगतो, हसण्यासारखं नाही ते. पण तेव्हा मी भलत्याच धुंदीत होतो. शेळके अण्णांच्या मुठी आवळल्या. मी मात्र वाघ साहेबांना विचारलं, "बस का बंद केली?"

"रिकामी यायची," साहेब पुटपुटले.

"किती रिकामी?"

त्यांनी शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं फाईलीत बघितलं. "म्हणजे… अगदी रिकामी असं नाही."

"मग मुद्दा सोपा आहे!" मी उभाच राहिलो. ब्लेझर काखेत उसवला, पण मी थांबतोय कशाला! "बस बंद, म्हणून काका उशिरा. काका उशिरा, म्हणून सस्पेंड. काका सस्पेंड, म्हणून मशीन बंद. साहेब, सोमवारपासून बस सुरू करा. काका उद्या कामावर. अण्णा, दुपारची पाळी नेहमीसारखी. कुणाची हरकत?"

वाघ साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांपुढं पुण्याची मोठी संघटना आणि सगळे कारखाने बंद! "मान्य," ते म्हणाले.

अण्णांच्या डोळ्यांपुढं हेड ऑफिस. त्यांना वाटलं, एवढं देतायत तर घ्या पदरात पाडून. "मान्य हाय."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी सगळ्यांशी हात मिळवले, फाईल उचलली आणि दारापाशी वळून नम्रपणे विचारलं, "मग रिझल्ट कधी कळेल?"

"कसला रिझल्ट?" वाघ साहेब.

"माझ्या सिलेक्शनचा. जीडी झाला ना आपला?"

तेवढ्यात दार उघडलं आणि एचआरच्या मॅडम डोकावल्या. "इथं कुणी प्रतीक नावाचा कॅन्डिडेट आलाय का? तिकडं जीडी संपला, एकच मुलगा गैरहजर आहे."

देवा! कानात नुसतं गुंई झालं. वाघ साहेब अण्णांना म्हणाले, "हा तुमचा पुण्याचा माणूस नाही?"

"आमचा? आमाला वाटलं तुमचं हेड ऑफिस!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "हा राहात्याचा आहे," मी कसंबसं बोललो. स्वतःबद्दल! घामानं दाजींचा ब्लेझर पाठीला चिकटला. पण माझ्यापेक्षा वाईट अवस्था काकांची. ते अर्धवट उठलेले, ना बसलेले ना उभे. अण्णांनी सावकाश विचारलं, "साहेब, मग बसचं काय?"

वाघ साहेबांनी काकांकडं बघितलं. "मान्य म्हणालो ना सगळ्यांसमोर. बस येईल. उद्या कामावर या, काका."

काका मटकन खाली बसले. माझाही जीव भांड्यात पडला, आणि मग मेला लोभ सुटला! म्हटलं, संप टाळला, भांडण मिटवलं, आता नोकरी कुठं जाते? "साहेब," मी म्हणालो, "जीडी माझा हुकला खरा, पण काम तर तुम्ही बघितलंच. माझं काही…"

साहेबांनी अण्णांकडं बघितलं. "काय अण्णा? घ्यायचा का याला?"

अण्णा म्हणाले, "नगं साहेब. हा रडत्या माणसापुढं टाळ्या वाजवतो. आमचं डोस्कं सटकायचं."

"आमचंही तेच मत आहे," वाघ साहेब म्हणाले. "हा आत आला तर आठवड्यात तुम्हाला कंपनी देऊन टाकेल."

काकांकडं मी आशेनं बघितलं. त्यांनी हात जोडले. "पोरा, तुझं भलं हू दे. पर दुसरीकडं."

गेटच्या बाहेर आलो तर बोरुडे सरांचा फोन. "बोल रे, कसा झाला जीडी? पहिला बोललास ना?"

"बोललो, सर."

"गप्प माणसाला बोलतं केलंस?"

"केलं, सर."

"शाब्बास! आणि शेवटी एकमत?"

"झालं, सर. मॅनेजमेंट आणि युनियन, दोघांचंही. एकानंही विरोध केला नाही."

"अरे वाघा! कशावर झालं?"

"मला घ्यायचं नाही यावर."