माऊसच्या मागून मालक

आमच्या घराचा मालक मी आहे. टॅक्स पावती माझ्या नावाची, लाइट बिल माझ्या नावाचं, दारावरची पाटी माझ्या नावाची. फक्त कॉम्प्युटरले हे कोणी सांगितलं नव्हतं.

सून मेघा घरूनच कंपनीचं काम करते. तिनं कॉम्प्युटरवर दोन खाती उघडली. तिचं 'ॲडमिन'चं, अन् माझं 'साधा वापरकर्ता'!

"साधा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बाबा, तुम्ही भजनं ऐका, पेपर वाचा. बाकी काही बदलता येत नाही."

"माझ्याच घरात?"

"त्यातच सगळ्यांचं भलं आहे," आमची सौ. स्वयंपाकघरातून बोलली. (तिले कोणी विचारत नाही, तरी ती बोलते.)

मी चौथी शिकलो, पण कामठीले जन्मभर पॉवरलूम चालवले. अडलेलं यंत्र कसं हलवायचं, हे मले कोण शिकवते? मेघा आंघोळीले गेली तशी मी खुर्ची धरली. सदरच्या बाजारातून आणलेला नवा माऊस लावला, तर त्याचा प्रोग्राम आपोआप उठला. पासवर्ड नाही, विचारपूस नाही! "मले कुठं ठेवता?" असं विचारत एक खिडकी उघडली. मी त्या खिडकीत दिसेल ते दाबलं. दाबता दाबता थेट खात्यांच्या पानावर! तो प्रोग्राम ॲडमिनच्या ताकदीनं चालून राहिला होता, अन् त्याच्या मागं मागं मीही आत. नवरदेवाचा हात धरून फुकट्यानं पंगतीत बसावं, तसा!

मग काय! स्वतःले ॲडमिन केलं. मेघाले साधी केली. पासवर्ड ठेवला माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मराठीत. (इंग्रजीत काहून ठेवू? मालक मी!) कॉम्प्युटर बंद केला अन् ऐटीत धरमपेठेत चक्कर मारून आलो.

आलो तर मेघा रडकुंडीले आलेली.

"बाबा, अकराची मीटिंग आहे! साहेबांनी पाठवलेला प्रोग्राम टाकायचा आहे, तर हा ॲडमिनचा पासवर्ड मागून राहिला. अन् ॲडमिन तर मीच आहे!"

"होतीस," मी म्हणालो.

"बाबा!!"

मी शर्टाच्या बाह्या सरसावून पासवर्ड टाकाले बसलो. पण त्या चौकटीत मराठी अक्षर उमटेचना! सगळी इंग्रजीच. बापाचं नाव काही लागेना.

"आता बोला, मालक!" सौ.

"तू चूप बस वं!"

"नोकरी जाईन ना माझी, बाबा!" मेघाचा आवाज फाटला. तेव्हा मात्र माझी ऐट उतरली.

"रडू नको बेटा. मी जिथून शिरलो, तिथूनच शीर. माऊस काढ. आता लाव. ती खिडकी उघडली? दाब तिथं!"

मेघानं दाबलं अन् डोळेच विस्फारले. "अरे बापरे! एवढं मोठं भोक? इथून तर कोणीही मालक होईल!"

"कोणीही नाही. मी झालो," मी म्हणालो.

त्याच भोकातून ती पुन्हा ॲडमिन झाली. मीटिंग निभली. संध्याकाळी तिनं माऊसचा दुरुस्त प्रोग्राम टाकून भोक बुजवलं, अन् हात जोडून म्हणाली, "बाबा, तुम्हालेही ॲडमिन करते. पण मागच्या दारानं येऊ नका!"

झालो! मानानं झालो. तेव्हापासून सौ. कॉम्प्युटरवर काहीबाही टाकते, अन् दर वेळी चौकट उगवते, 'ॲडमिनची परवानगी आहे का?' ती तिथूनच ओरडते, "अहो, या इकडं, हो म्हणा!"

मी जातो अन् हो म्हणतो. यासाठी एवढी मारामारी काहून केली, देव जाणे. हे काम तर मी लग्न झाल्यापासून करूनच राहिलो!