तासगावच्या बागेत ब्लोअर थांबला तेव्हा

१. शनिवारी सकाळी मी आणि माझी सहकारी एलेना पुण्याहून तासगावला निघालो.
२. रविवारी मामांच्या द्राक्षबागेत बायका काम करत असताना शेजारच्या ओळीत फवारणी सुरू झाली.
३. एलेना ट्रॅक्टरला आडवी गेली.
४. आम्ही न जेवता परतलो.

आता सविस्तर. एलेना आमच्या कॅलिफोर्निया ऑफिसची. तिची आजी मेक्सिकोतून येऊन तिथल्या द्राक्षबागांत राबली, म्हणून तिला इथली बाग बघायची होती. शिरवळला मिसळ, साताऱ्यात कंदी पेढे, कराडवरून विट्यामार्गे तासगाव. विट्यापुढे रस्त्याला खड्डे आहेत, अंधाराआधी पोचा.

संध्याकाळी मामा खुशीत होते. "आमचा माल युरोपला जातो. तोडणीआधी कुठलं औषध कवा बंद करायचं, समदं पाळतो. तिकडच्या पोराच्या पोटात कण जाता कामा न्हाई." मी भाषांतर केलं. एलेनाने मान डोलावली.

सकाळी ढग होते. जतकडच्या बायकांची टोळी घडांची विरळणी करत होती. जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, मान सतत वर. शालनबाई एलेनाला शिकवत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या ओळीत ट्रॅक्टर शिरला, मागे औषध फवारणारा ब्लोअर. पांढरा ढग वेलींवरून आमच्याकडे आला. बायकांनी पदर नाकावर ओढला. कात्र्या थांबल्या नाहीत. कोणी वर पाहिलंही नाही. 

एलेना धावली आणि हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. ब्लोअर बंद झाला.

"आगं, पाहुणीला काय झालं?" मामा हसत आले. "ढग आल्यात, आज मारलं न्हाई तर दावण्या रोग समदी बाग खातोय."

"बायका बाहेर आल्यावर मारा," मी म्हटलं.

"ताई, पदर हाय की," शालनबाई म्हणाल्या. "झाडामागं पैसं मिळत्यात, जेवढी झाडं तेवढंच. ओळ सोडली तर मुकादम दुसरीला आणतोय."

डोळे पुसत एलेना बोलली, मी सांगत गेले. आजीच्या अंगावर विमानातून फवारा पडायचा. मजुरांनी काम थांबवलं, पायी मोर्चा नेला, देशभरच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, द्राक्षं घेऊ नका. माल पडून राहिला, तेव्हा मालकांनी सह्या केल्या. करारात मजुरी होती, पिण्याचं पाणी होतं आणि फवारणीचे नियमही होते.

"तिकडं बी मजूर परगावचेच म्हणा की!" मामा म्हणाले. कोणी हसलं नाही.

मग एलेनाने विचारलं, "खाणाऱ्या पोराला जपता. मग यांना?"

हे मी शब्दशः सांगितलं. मामांचा चेहरा बदलला. "आता तू बी मला शिकवणार?"

आम्ही न जेवताच निघालो. मामी गाडीपर्यंत आल्या, बेदाण्याची पिशवी डिकीत ठेवली. 

तुम्ही बाग बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशी एवढंच विचारा, उद्या फवारणी आहे का, आणि असेल तर मजूर कुठे असतील.

पिशवी ओट्यावर तशीच आहे. एलेना परत गेली. तिने काल फोनवर एकच विचारलं, पुढे काय झालं? म्हणून हे लिहितेय.

मामा, तुम्ही फोन उचलत नाही, पण माझं लिहिलेलं वाचता. टोळी येत्या सोमवारी परत येणार, असं मामी फोनवर म्हणाल्या. बायका बागेबाहेर असतानाच औषध मारायचं आणि त्या वेळेची त्यांची मजुरी कापायची नाही. हे जमेल का? रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा. हो किंवा नाही, एवढंच.