दिलशादची फरी

लातुरात स्कूटरचं सीट फाटलं की लोक दिलशादकडे जातात. बापाचं दुकान तिनं चालवायला घेतलं, तेव्हा गल्लीतल्या शहाण्यांनी तिला महिन्याची मुदत दिली होती. त्याला आता चौदा वर्षं झाली. शहाणे अजून गल्लीतच आहेत आणि त्यांच्या गाड्यांची सीटं दिलशादच शिवते.

तलवारीचा नाद तिला एका गिऱ्हाइकानं लावला. चाकूरचे आप्पासाहेब, सत्तरीचे शेतकरी, एक दिवस फाटकी फरी घेऊन दुकानात आले. फरी म्हणजे चामड्याची गोल ढाल. तिच्या जोडीला गदगा, म्हणजे चामडं गुंडाळलेली वेताची काठी. आधी यांच्यावर हात घडवायचा, मग तलवार धरायची. दिलशादनं फरी शिवून दिली आणि विचारलं, "हे धरत्यात कसं?" आप्पांनी भर रस्त्यात धरून दाखवलं. दोन रिक्षा थांबल्या.

"मला शिकवता का?"

"रविवारी खळ्यावर ये. उन्हाची कुरकुर केलीस तर वापस लावून देईन."

तेव्हापासून सहा वर्षं दर रविवारी सकाळी ती आप्पांच्या खळ्यावर. तिथंच तिला जोडीदारीण भेटली, रेणापूरची सिंधू. घरची शेती करणारी, उंच, हाडानं मजबूत आणि गदगा चालवताना तोंडही चालवणारी. दिलशादला ती बाजी म्हणायची, म्हणजे ताई.

नांदेडला दरसाल या खेळाचा मेळावा भरतो. गडी माणसं सामने खेळतात, त्यांची नावं वहीत चढतात. बायकांनी काय करायचं? प्रात्यक्षिक. काठी फिरवायची, नमस्कार करायचा, नारळ घ्यायचा. सहा नारळ झाल्यावर दिलशादचं डोकं सटकलं. तिनं समितीचे प्रमुख किशनराव यांना थेट फोन लावला.

"आम्हाला सामना खेळायचा हाय."

"ताई, आमच्या फऱ्या गड्यांच्या मापाच्या. तुम्हाला झेपायच्या न्हाईत. लागलं-बिगलं तर घरचे आम्हाला धरतील."

"आमच्या मापाच्या आणल्या तर?"

"आणा की. परीक्षेत टिकल्या तर खेळा."

किशनराव पिच्छा सोडवायला बोलले होते. दिलशादनं मात्र शब्द पक्का धरला.

आठ दिवसांत दोन फऱ्या तयार झाल्या. आत फोम, वर काळं रेक्झिन, कडेला लाल गोट. दुकानात येईल तो अंगठ्यानं दाबून बघायचा आणि वाहवा करायचा. तिथंच कुणाला तरी शंका यायला पाहिजे होती. रविवारी खळ्यावर सिंधूनं पहिला वार घातला, आणि गदगा चेंडूसारखा उसळून सिंधूच्याच नाकावर आला. सिंधू नाक धरून खाली बसली आणि हसत सुटली.

आप्पांनी फरी हातात घेऊन दाबली. "बसायला झकास हाय."

"आप्पा, आठ दिवस घातले म्या ह्याच्यात."

"घातले आसतील. पर तू सीट शिवलंस, पोरी. मार वापस फेकायचा नसतो. त्यो तिथल्या तिथं मेला पायजे."

दिलशादनं फरी तुराट्यांच्या ढिगात भिरकावली.

सिंधू नाक चोळत म्हणाली, "बाजी, आमची वाकळ कितीबी बडव, काठी उडत न्हाई बघ."

लातूर येईपर्यंत दिलशाद घुश्शातच होती, कारण ही गोष्ट तिला स्वतःला सुचायला हवी होती. मंगळवारी मात्र दुकान बंद ठेवून ती रेणापूरला सिंधूच्या ओसरीवर जाऊन बसली. जुन्या साड्या आणि गोणपाट, गोधडीसारखे एकावर एक सोळा थर. कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल टाके. सिंधूच्या मशीनची सुई नवव्या थराला मोडली, मग दाभण घेतलं.

"ह्याला टाका म्हणतेस व्हय बाजी? हितून टाकला तर तिकडं निघाला. मधी येक बस जाईल."

"गप. तुझ्या स्कूटरचं सीट कुणी शिवलंय?"

"म्हणून तर उभ्यानं चालवून राहिले."

वरून जाड चामडं ताणून बसवलं, आणि फऱ्या नांदेडला निघाल्या.

मेळाव्याची रीत जुनी आहे. नवी फरी आली की ती शिवणाऱ्यानं तिच्यामागं उभं राहायचं आणि समिती म्हणेल त्या गड्याचे पाच वार झेलायचे.

किशनरावांनी फाटकाकडे पाहिलं. "कारागीर कुठाय?"

"तुमच्या म्होरं हाय की," दिलशाद म्हणाली.

लोक हसले. किशनराव चाचरले. "मंग ऱ्हाऊ द्या. बघूनच कळतंय, मजबूत हाय. औंदा प्रात्यक्षिक करा, फुडच्या साली सामन्याचं बघू."

"गड्यांच्या फऱ्या बघून पास करता का?"

गर्दीतून आप्पांचा आवाज आला, "किशनराव, रीत म्हणजे रीत."

उदगीरचा वीरेश पुढं आला. दोन सालांचा विजेता, दंड मांडीएवढे. त्यानं पहिला वार असा घातला की माशी उडाली नसती.

"धूळ झटकून राहिलास का, भाऊ?" दिलशाद म्हणाली. "ह्यो मोजायचा न्हाई."

वीरेशचे कान लाल झाले. मग मात्र त्यानं हात राखला नाही. थप्प, थप्प. गदगा जिथं पडत होता तिथंच थिजत होता. पाचवा वार डोक्यावरून आला. दिलशाद एका गुडघ्यावर गेली, हात खांद्यापर्यंत झिणझिणला, पण फरी डोक्यावर होती तिथंच राहिली.

वीरेशनं वाकून फरी चाचपली. "आतमधी काय घातलंय?"

"सिंधूची साडी."

"सासूनं दिलेली," मागून सिंधू म्हणाली. "म्हणून तर मार खायला घातली."

किशनरावांनी माइक हातात घेतला. बायकांचा पहिला सामना, दिलशाद आणि सिंधू. गदग्याच्या टोकाला ओला चुना, म्हणजे अंगावर वार लागला की खूण उमटते. पाच खुणा आधी करील ती जिंकली.

चार-चार झाले. दिलशादचा डावा हात अजून जड होता, पण ते सांगायची तिची तयारी नव्हती. सिंधू खालून आली, थप्प झालं आणि दोघी थांबल्या.

"कोपर," सिंधू म्हणाली.

"फरी," दिलशाद म्हणाली, आणि पंच असलेल्या किशनरावांवर घसरली. "फरीवर घेतलाय म्या. शिवलीय म्या, मला कळत न्हाई व्हय?"

किशनरावांनी वहीवर पेन टेकवलं. दिलशादनं तावातावानं हात वर केला, तेव्हा तिला तिचंच कोपर दिसलं. पांढरंफेक. तिला हसू फुटलं. सहा वर्षांत ती कधी हरली नव्हती. प्रात्यक्षिकात कुणी हरत नसतं.

"लिहा," ती किशनरावांना म्हणाली. "सिंधू, रेणापूर, जिंकली. खाली माझं नाव, दिलशाद, लातूर. हरली म्हणून लिहा, पर अक्षर ठसठशीत काढा."