आदल्या दिवशीचा फोन

तुरुंग खात्यात पदवीधरांची थेट भरती झाली. परीक्षा, मुलाखत, प्रशिक्षण असं सगळं पार करून ही मुलगी एकदम अधिकारी म्हणून दाखल झाली, तेव्हा जुन्या शिपायांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकलं. पदवीबाई. ज्यांचा उभा जन्म बराकींतून फिरण्यात गेला, त्यांना कालची पोर हुकूम सोडणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच झालं. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. सुरुवातीला तिला चाव्यांचा जुडगा कमरेला धड अडकवता येत नव्हता, आणि बिचारी चुकीच्या कुलपाशी झगडत बसायची तेव्हा कैदीसुद्धा मान वळवून हसू दाबायचे.

घरी मात्र वडिलांची छाती फुगली होती. ते याच खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. "मी जन्मभर कुलपं उघडली," ते येईल त्याला सांगायचे, "आता कुलूप कुणी उघडायचं ते माझी लेक ठरवणार." आई शेजारणींना नुसतं 'सरकारी नोकरी' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

वडील डाव्या पायाने लंगडायचे. एकदा एका कैद्याला दवाखान्यात न्यायचं होतं. त्याला दिवस आधी कळला, त्याने बाहेर कळवला, आणि त्याची माणसं वाटेत दबा धरून बसली. वडिलांचा पाय त्यात कायमचा अधू झाला. म्हणून नियम असा की कैद्याला बाहेर नेणार असलात तर निघायच्या घटकेपर्यंत त्याला ब्र सांगायचा नाही. प्रशिक्षणात हा नियम शिकवला तेव्हा बाकीच्यांनी लिहून घेतला. तिला लिहायची गरज नव्हती. लहानपणापासून तिने तो घरात चालताना पाहिला होता.

तिच्या बराकीत एक म्हातारा सुतार होता. भागीदाराशी भांडण झालं, रागाच्या भरात हातातला हातोडा चालवला आणि एका क्षणात दोन घरं उद्ध्वस्त केली. आता इतका गरीब झाला होता की तुरुंगाच्या सुतारशाळेत नवख्यांना रंधा धरायला शिकवताना आवाजही चढवायचा नाही. पदवीबाईला चिडवलं नाही असा बहुधा तो एकटाच. एकदा कुलपाशी झटापट चाललेली पाहून हळूच म्हणाला, "जोर नका लावू मॅडम. किल्ली थोडी मागे ओढा, मग फिरवा." कुलूप उघडलं. तिने आभार मानले नाहीत, अधिकाऱ्याने मानायचे नसतात असं तिला वाटलं. पण जिव्हाळा जडला तो जडलाच.

सुताराची बायको शेवटच्या आजारात दवाखान्यात पडली. डॉक्टरांनी हात टेकले होते. सुताराने भेटीसाठी अर्ज केला, आणि तो अर्ज पदवीबाईने स्वतः टेबलाटेबलांवरून फिरवला, मोठ्या साहेबांकडे बोलणी खाल्ली, पण सोडला नाही. शेवटी एका दुपारी साहेबांनी तिला बोलावलं. "झालं तुझ्या मनासारखं. उद्या सकाळी ने. आणि बाई, उद्या म्हणजे उद्याच कळू दे त्याला."

"हो सर," ती म्हणाली. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

त्याच संध्याकाळी सुताराच्या फोनची पाळी होती. फोन भिंतीवर, आणि शेजारी अधिकाऱ्याने उभं राहून ऐकायचं. त्या दिवशी उभी तीच होती. दवाखान्यात मुलीने आईच्या कानाशी फोन धरला असावा, कारण सुतार लहान मुलाशी बोलावं तसा सावकाश बोलत होता.

"ऐकतेस ना? अगं, अर्जाचं काही झालं नाही. ते नाही सोडायचे. तू माझ्यासाठी जीव अडकवून बसू नकोस. फार हाल होतात तुझे, पोर सांगते मला. वाट बघू नकोस माझी. शांत झोप तू."

हाताच्या अंतरावर उभी असलेली पदवीबाई मूग गिळून राहिली. 'तिला म्हणा, वाट बघ.' एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तिच्या डोळ्यांसमोर वडिलांचा पाय आला, उद्या गाडीसोबत येणारे दोन शिपाई आले, त्यांची घरं आली. आणि एका रात्रीचा तर प्रश्न, सकाळी समोरच उभा करू की तिच्या नवऱ्याला. ती म्हणाली, "वेळ संपली, बाबा."

सकाळी तिने स्वतः कोठडी उघडली आणि सांगितलं. सुताराने धुतलेला सदरा काढून घातला, ओल्या हाताने केस बसवले, पुन्हा बसवले. गाडीत बेडी घातलेला हात मांडीवर ठेवून तो एकदाच बोलला. "काल उगाच बोललो तिला, वाट बघू नको म्हणून. आता मला बघून दचकेल."

पदवीबाईने खिडकीबाहेर तोंड केलं.

दवाखान्यात कॉटभोवती पडदा ओढलेला होता. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. बापाला बघून ती उठली आणि तिला रडूच फुटलं. "बाबा, आत्ता पहाटे गेली हो. इतके दिवस दारावर पाय वाजला की डोळे उघडायची. काल फोन झाला आणि तोंड भिंतीकडे केलं तिनं. पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्ही येणार होतात तर काल सांगायचं नाही का?"

सुताराने बेडी नसलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "मला तरी कुठं ठाऊक होतं, बाळ? मॅडमनासुद्धा आज सकाळीच कळलं. या होत्या म्हणून निदान एवढं तरी झालं."

मुलीने पदवीबाईकडे पाहून हात जोडले. पदवीबाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. काल गप्प राहिली त्याला नियम तरी होता. आज गप्प राहायला कसलाच नियम नव्हता.

घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. ते पाय चोळत बराच वेळ बसले. "चुकलं नाही तुझं," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. त्यानंतर ते कुणाला कुलपांबद्दल सांगताना दिसले नाहीत.

पुढे ती वर चढत गेली, मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसली. कॉलेजांत जाऊन मुलांना या नोकरीबद्दल सांगायचं कामही खात्याने तिच्यावरच टाकलं, कारण बोलायला ती चांगली. मुलं विचारत, बढती किती वर्षांत, घर मिळतं का. ती हसून सगळं सांगे. आदल्या दिवशीचा नियम तिने बदलला नाही. तो बरोबरच होता, हेच तर दुखणं होतं.

सुतार सुटला तेव्हा ती मुद्दाम फाटकाशी उभी राहिली. इतकी वर्षं ती एका प्रश्नाची वाट बघत होती. त्याने विचारावं, आपण खरं सांगावं, त्याने दोन शिव्या घालाव्यात आणि सुटावं एकदाचं.

तो पिशवी सावरत थांबला. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. तुम्हाला तेव्हा आदल्या दिवशी कळलं असतं ना, तर तुम्ही मला सांगितलंच असतं. नियम असो नाहीतर काही असो. त्याच भरवशावर काढले मी हे दिवस."

तो विचारत नव्हताच.

"सांगितलं असतं, बाबा," ती म्हणाली.

त्याने समाधानाने मान डोलावली. तिने किल्ली थोडी मागे ओढून फिरवली, आणि फाटक उघडून त्याला जाऊ दिलं.