कवळीकाकूंनी गाडी विकली

गल्लीत सगळे त्यांना कवळीकाकू म्हणत. घराच्या मागच्या खोलीत बसून त्या दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायच्या. टेबलावर प्लास्टरचे जबडे, खिडकीपाशी घासायचं छोटं मशीन आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. तयार माल दवाखान्यांत पोचवायला त्यांनी ऐन तारुण्यात एक जुनी मोटरसायकल घेतली होती. काळी, गोल टाकीची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. नवरा होता तोवर मागे बसायचा, डोळे गच्च मिटून. बाकी कुणाच्या हातात त्यांनी ती कधी दिली नाही. स्वभावच संशयी. दूधवाल्याने माप जरा सढळ घातलं तरी विचारायच्या, "का बरं?"

आता गुडघा गेला होता. किक मारली की डोळ्यांपुढे काजवे चमकत. भाचीने ऑनलाइन जाहिरात टाकून दिली आणि ती आपल्या घरी गेली. पहिल्याच संध्याकाळी एकाचा मेसेज आला. माणसाच्या फोटोच्या जागी मांजर. "गाडी घेतो. किंमत मान्य."

काकूंनी शेजारी राहणाऱ्या दिराला फोन दाखवला. भाऊजी बसवर कंडक्टर होते, अलीकडेच निवृत्त झालेले.

"घासाघीस नाही? वहिनी, हा चोर आहे."

"चोर किंमत कशाला मान्य करेल?"

"पैसे द्यायचेच नसतील तर माणूस काय वाटेल ते मान्य करतो."

हे काकूंना पटलं. तेवढ्यात दुसरा मेसेज आला, "गाडी रात्री कुठे ठेवता?" भाऊजींनी नुसत्या भुवया उंचावल्या. मग तिसरा, "सीटवर चमचा किंवा घरातलं काहीही ठेवून आत्ताच्या आत्ता फोटो पाठवा."

"वेडा आहे की काय!" म्हणत काकूंनी हाताशी होती ती कवळी सीटवर ठेवली, फोटो काढला आणि पाठवून दिला. त्यावर मांजर दोन दिवस गप्प.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस दारात हजर झाला. चाळिशीचा, उन्हातही हातमोजे घातलेला. बायको बाहेर कारमध्येच बसून होती, काच वर करून. आल्या आल्या तो जमिनीवर पालथा पडला आणि बॅटरीच्या उजेडात इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडून बघायला लागला. काकूंनी हँडल सोडलं नाही.

"गाडी रात्री कुठे असते, ते कशाला हवं होतं?"

"आत असते की उघड्यावर, ते कळावं म्हणून. गंज चढतो ना."

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच काकूंना ते आवडलं नाही.

"एक फेरी मारून बघू?" त्याने विचारलं.

"मारा की. बाई तोवर इथे बसतील ना?"

बायको नाइलाजाने खाली उतरली. काकूंनी फडकं घेऊन टाकी पुसली आणि पुसता पुसता खालचा पेट्रोलचा कॉक हळूच बंद केला. नळीत उरलं होतं तेवढ्यावर गाडी गल्लीच्या पुढच्या चढापर्यंत गेली असती, फार तर. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं आणि तो गेला.

बायको मागच्या खोलीत स्टुलाच्या कडेवर बसली आणि जबड्यांकडे बघत राहिली. "काकू, एक विचारू? गाडी तुमचीच आहे ना? म्हणजे, खरंच?"

"म्हणजे?"

"मागच्या वेळी यांनी आगाऊ पैसे भरले. फोटोतली गाडी भलत्याच कुणाची तरी निघाली. तेव्हापासून चमच्याचा फोटो मागतात. तुमचा कवळीचा आला, तर म्हणाले, ही बाई काही ठीक दिसत नाही."

काकूंना हसू यायला हवं होतं, पण त्यांचे कान रस्त्याकडे होते. एव्हाना तो पायी परत यायला हवा होता. म्हणजे त्याने कॉक बघितला. उघडला. गेला. भाऊजी बाहेर त्या नवराबायकोच्या कारला टेकून उभे होते, सुटायची झालीच तर आपल्या अंगावरून सुटेल अशा बेताने. बायकोने नवऱ्याला फोन लावला, तर तो तिच्याच पर्समध्ये वाजला. आता तीही रडवेली झाली.

अखेर कोपऱ्यावर तो दिसला. लालबुंद, घामाघूम, गाडी ढकलत.

"इंजिन बसलंय हिचं!" तो दुरूनच ओरडला. "अर्ध्या किमतीत देत असाल तर बोला, नाहीतर आम्ही निघालो."

भाऊजींनी वहिनींना डोळ्याने खुणावलं, गप्प राहा, जाऊ दे याला. पण आपल्या चांगल्या इंजिनाला कुणी बसलेलं म्हणावं, हे काही त्यांना सोसेना.

"इंजिन उत्तम आहे. कॉक मी बंद केला होता."

"का?"

"तुम्ही पळालात तर लांब जाऊ नये म्हणून."

"मी चोर दिसतो तुम्हाला?"

"मी तरी कुठे ठीक दिसते?"

बायको फिसकन हसली. तो मात्र हसला नाही. पायरीवर बसून त्याने तांब्याभर पाणी संपवलं, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "आणखी काय काय लपवलंय, तेही सांगून टाका."

काकू आत गेल्या. दुसरी किल्ली असल्याचं त्या सांगणारच नव्हत्या. ती आणि सीटखालून आधीच काढून ठेवलेले सगळे पाने आणून त्यांनी त्याच्यासमोर मांडले. मग कॉक उघडला. गुडघ्याचा विचार न करता स्वतः किक मारली आणि कळवळून खांब धरला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

तो थोडा वेळ आवाज ऐकत उभा राहिला. मग बायकोच्या पर्समधून मोबाइल काढून त्याने ठरलेले सगळे पैसे पाठवले. बँकेचा मेसेज भाऊजींनी दोनदा वाचेपर्यंत काकूंनी गाडी बंद करून दोन्ही किल्ल्या मुठीत ठेवल्या, त्यालाही त्याची हरकत दिसली नाही.

तो मोटरसायकलवर पुढे, बायको कार घेऊन मागे. कोपऱ्यावर वळताना त्याने सवयीने ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला आणि गिअर करकरला. घरात येऊन काकू मशीनपाशी बसल्या, पण त्या दिवशी एकही कवळी झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मालकी बदलायच्या सह्या करायला त्या कचेरीत गेल्या, तर तो आधीच येऊन बसलेला. शेजारची खुर्ची त्याने त्यांच्यासाठी धरून ठेवली होती.

"कधी अडलं तर तुम्हाला फोन केला तर चालेल?"

"कशाबद्दल?"

"गाडीबद्दल."

"मग करा," काकू म्हणाल्या, आणि सही करायच्या आधी कागद दोन्ही बाजूंनी वाचायला लागल्या.